सत्यवान सरांचा भूगोल

तिसऱ्या वर्षाला कुठला विषय घ्यावा इथे घोडं अडलं, की तालुक्याच्या कॉलेजातली पोरं सत्यवान सरांना गाठायची. सर इतिहासाचे. पण आपला विषय कुणाच्या गळ्यात मारतील तर शपथ! "कसला पुस्तक वाचताना भूक विसरतंस?" एवढंच विचारायचे.

२००३ साली मात्र पंचाईत झाली. आणखी एक विद्यार्थी मिळाला नाही, तर तिसऱ्या वर्षाचा इतिहासाचा वर्ग बंद होणार होता, आणि त्या वर्गावर सरांचा भारी जीव. अशात मासळी विकणारी पार्वती लेकीला, वर्षालीला, घेऊन दारात हजर. इतिहास की भूगोल हे पोरीचं ठरत नव्हतं, म्हणून आईने सरळ देवळात जाऊन कौल लावला होता; उजवा कौल म्हणजे देवाचा होकार.

"देवान उजवो कौल दिल्यान, सर. हिका इतिहासच देवा."

सरांच्या मनात उकळ्या फुटल्या. पण वर्षालीचा चेहरा पडलेला. सवयीने त्यांनी विचारलंच, "तू भूक कधी विसरतंस गो?"

"नकाशे काढताना," ती पुटपुटली.

सर पार्वतीकडे वळले. "देवाक गाऱ्हाणा काय घातलंस? नेमका इचारलंस काय?"

"माझा ह्या चेडू सत्यवान सरांकडे शिकांदे काय, इतक्याच."

गप्प बसले असते तर वर्ग वाचला असता. पण ते म्हणाले, "म्हणजे देवान माझ्याकडे शीक म्हणून सांगितल्यान. इतिहास घे म्हणून खंय सांगितल्यान?"

पार्वती विचारात पडली. "बरा, भूगोल घेवंदे. पण कौल मोडूचो नाय हां. शिकवूक तुमीच व्हये."

झालं! वर्ग बंद पडला. सर हळहळले, आणि पन्नाशीतला हा इतिहासाचा माणूस रविवारी पडवीत भूगोल शिकवायला बसला. आधी स्वतः धडा वाचायचा, मग पोरीला सांगायचा.

एका रविवारी वर्षाली आली, तेव्हा सर समुद्राच्या प्रवाहांत बुडालेले. बाजूचा चहा निवलेला, आणि आतून त्यांच्या बायकोच्या, यशोदेच्या, जेवणासाठी हाकांवर हाका. सरांना पत्ता नाही.

वर्षाली बघतच राहिली. "सर, तुमी इतिहास कित्याक घेतलास?"

सरांनी मान वर केली. इतकी वर्षं पोरांना विचारत आले, त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं.

"बाबांनी घेवूक लावल्यानी. माका इचारल्यानी खंय?" ते म्हणाले, आणि वाईट वाटण्याऐवजी त्यांना हसूच फुटलं.

"जेवण झाकून ठेव गो," त्यांनी आत सांगितलं आणि नकाशा पुढ्यात ओढला.