एका ओळीची दुरुस्ती

माझ्या नणंदेला घरात सगळे नाहीताई म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. नवीन पडदे आणूया का? नाही. टीव्ही आतल्या खोलीत हलवूया? नाही, का हलवायचा ते आधी सांग. लग्न होऊन या घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरातले डबे माझ्या सोयीने लावले, तर बाईसाहेब दारात उभ्या.

"सगळे एकदम हलवलेस? आता काही सापडलं नाही, तर नेमकं कशामुळे सापडलं नाही, हे कसं कळणार?"

मला असा राग आला म्हणून सांगू! मी ड्रायव्हिंग शिकवते. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी, पायाखाली माझा वेगळा ब्रेक घेऊन बसते. घरी आल्यावर माझ्यावरच कोणी ब्रेक दाबलेला मला खपत नाही. पण ताईने भांडण केलं नाही. सगळे डबे मुकाट्याने जागच्या जागी ठेवले आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, "चल, आज एक हलवू." रोज एक. सगळे डबे हलवून झाले तेव्हा ते बरोब्बर मी लावले होते तिथेच आले होते, आणि मधल्या काळात मीठसुद्धा एकदाही हरवलं नाही. तेव्हापासून आमचं मेतकूट जमलं. ती मला मास्तरीण म्हणते.

आमचं चष्म्याचं दुकान आहे, घराच्या खालीच. गल्ल्यावर मामंजी, म्हणजे माझे सासरे. काचा घासायला नवरा, म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. आणि डोळे तपासायला ताई. गिऱ्हाईकाच्या नाकावर ती लोखंडी चौकट चढवायची, एक काच सरकवायची आणि विचारायचं, "आता बरं की मघाशी बरं होतं?" एका वेळी एकच काच. घाईचं गिऱ्हाईक वैतागून म्हणतं, द्या हो काहीतरी अंदाजाने. मग ताईचं ठरलेलं उत्तर येतं, ते तुम्हाला कळलंच असेल.

संध्याकाळी दुकान बंद झालं की ती खिडकीजवळच्या टेबलावर संगणक उघडून बसते. हे तिचं दुसरं काम. त्याचा कोणी पगार देत नाही, आणि ते मला समजायला फार दिवस लागले, म्हणून तुम्हाला सोपं करून सांगते. संगणकाच्या आत एक मूळ प्रणाली असते, तिच्या जिवावर बाकीचं सगळं नाचतं. बहुतेकांच्या संगणकातली प्रणाली कुठल्यातरी कंपनीच्या मालकीची असते. ताई आणि तिच्या मंडळींची तशी नाही. ती जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली, कोणीही उघडून वाचावी, कोणीही दुरुस्ती सुचवावी अशी उघडी आहे. दुरुस्त्या दोन प्रकारच्या. एक सुरक्षेच्या: कुठेतरी भोक राहिलंय, त्यातून चोर आत शिरू शकतो, ते बुजवायचं. दुसऱ्या भरवशाच्या: चोरबीर कोणी नाही, यंत्र आपलं आपणच चालता चालता आडवं पडतं, ते पडू नये म्हणून. लोकांच्या रोजच्या वापरात असलेल्या प्रणालीत यातली कुठली दुरुस्ती घालायची आणि कुठली नाही, हे बघणाऱ्या चारदोन माणसांत आमची ताई आहे. लोक ती दुरुस्ती डोळे मिटून घेतात. म्हणून कोणीतरी डोळे उघडे ठेवावे लागतात.

"पण सारखं नाही नाही काय म्हणतेस?" मी एकदा विचारलं.

"अगं, लोक एक भोक बुजवायला येतात आणि जाता जाता भिंतीला रंग लावतात, खिडकी मोठी करतात. उद्या घर गळायला लागलं तर भोकामुळे की खिडकीमुळे?"

मला डबे आठवले.

त्यांचा आणखी एक नियम आहे, आणि तो मला मनापासून आवडतो. कोणी कितीही शहाणा असो, एकट्याच्या म्हणण्यावर काही आत जात नाही. दुसऱ्या माणसाने स्वतः बघून "ठीक" लिहावं लागतं, आणि त्याचं नाव त्या दुरुस्तीखाली कायमचं राहतं. बिघडलं तर दोघांनी कान पकडायचे. मी ताईला म्हटलं, हा नियम जरा आपल्या घरालाही लावा. कारण आमच्याकडे बाप, लेक आणि मुलगा मिळून काय ते ठरवतात, आणि सुनेला कळवतात. फ्रिज घरात आला तेव्हा मला कळलं की फ्रिज घ्यायचं ठरलंय. ताई नुसती हसली.

मधूनच एखादं मोठं भोक सापडतं. मग सगळ्यांसाठी दुरुस्ती तयार होईपर्यंत त्याबद्दल ब्र काढायचा नाही, नाहीतर चोरांना आयतं आमंत्रण. अशा दिवसांत ताई मूग गिळून बसते आणि मामंजींना चैन पडत नाही. "मला तरी सांग, मी कोणाला सांगणार?" असं ते विचारतात, आणि हे विचारताना दुकानात पाच गिऱ्हाइकं बसलेली असतात.

तर अशा या ताईला एक माणूस भेटला. भेटला म्हणजे काय, तिच्या संगणकवाल्या मंडळींच्या सामायिक पत्रव्यवहारात, जो सगळं जग वाचू शकतं. हा गृहस्थ इथून लांब, एका डोंगरावरच्या हवामान केंद्राचं काम बघायचा. वारा किती, थंडी किती, हे मोजणारं उपकरण तिथल्या संगणकाला जोडलेलं, आणि संगणकात ताईच्या मंडळींची प्रणाली. जोराचा वारा सुटला की उपकरणाची वायर क्षणभर सैल व्हायची, आणि संगणक जो गोठायचा तो गोठायचाच. मग हा बिचारा पाठीला पिशवी लावून डोंगर चढणार, बटण दाबणार, उतरणार. पुढच्या वाऱ्याला पुन्हा तेच. शेवटी वैतागून स्वतःच प्रणाली वाचायला शिकला आणि दुरुस्ती लिहून पाठवली. चांगली चार पानं!

ताईने उत्तर दिलं, नाही.

त्याने थोडी कापून पाठवली. नाही. तिने प्रत्येक वेळी कारण मात्र लिहिलं: हा भाग रोगावरचा नाही, ही नुसती सफाई आहे, हे चांगलं आहे पण वेगळं आहे, वेगळं पाठव. दुसरा कोणी असता तर चिडून निघून गेला असता, तसे कितीतरी गेले. हा पुन्हा डोंगर चढायचा, उतरायचा आणि आणखी बारीक करून पाठवायचा. मामंजींनी त्याचं नाव हवामान ठेवलं. रोज जेवताना विचारणार, "काय, आज हवामान काय म्हणतंय?" आणि ताई, जिच्या चेहऱ्यावरून कधी काही कळत नाही, ती ताटात बघून हसायची.

मी ते पाहिलं. आधी आनंद झाला, आणि लगेच धास्ती वाटली. ताईची चाळिशी उलटून गेलेली. नातेवाइकांनी आणलेल्या स्थळांना तिने नाही म्हटलं होतं, ते बरंच केलं होतं, एकेक नमुने होते. पण आता हिने याला हो म्हटलं आणि ही त्या डोंगरावर निघून गेली तर? या घरात मी कोणाशी भांडू? माझ्या मनातलं न सांगता कोणाला कळेल? आणि उलट, सवयीने यालाही नाही म्हणून मोकळी झाली तर? दोन्हीकडून माझा जीव टांगणीला.

एक दिवस ताईने मला टेबलापाशी बोलावलं. पडद्यावर एकच ओळ होती, त्याची चार पानं कापून कापून उरलेली. "वाच," म्हणाली. मला काय कळणार! मग तिने सांगितलं, "यात एवढंच म्हटलंय, उपकरण जागेवर नसेल तर वाट बघत बसू नकोस, परत फीर. इतके दिवस संगणक उत्तराची वाट बघत गोठत होता. रोग एवढाच होता."

"आणि हे त्याला सापडलं?"

"त्यालाच." तिने इतक्या अभिमानाने सांगितलं की जणू स्वतःलाच सापडलंय. तिने घरातल्या जुन्या संगणकावर वायर उपटून उपटून ते चालवून पाहिलं, मग खाली ठीक लिहिलं. त्या दिवशी जेवताना हवामानाची चौकशी व्हायच्या आधीच तिने जाहीर केलं, "गेली आत." मामंजींनी टाळ्या वाजवल्या. काय आत गेलं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यानंतर पत्रं येतच राहिली, पण ती सगळ्या जगाला दिसणारी नव्हती. आणि मग एका सकाळी ताई म्हणाली, "तो येतोय रविवारी."

"कशाला?"

"दुरुस्ती नीट चालतेय, ते सांगायला."

"एवढ्या लांबून? ते सांगायला?"

"हो," ती म्हणाली, आणि कानाच्या पाळ्या लाल करून खाली दुकानात निघून गेली.

रविवारी दुपारी तो आला. उंच, उन्हावाऱ्याने रापलेला, दारात काढलेले बूट होडीएवढे. मामंजींनी त्याला धड बसूही दिलं नाही. खाली नेऊन स्वतःच डोळे तपासले आणि विजयी मुद्रेने वर आणलं. "नंबर बदललाय! दोन्ही डोळ्यांचा!" मग आम्ही सगळे चहाला बसलो. त्याने कप उचलला, न पिता खाली ठेवला, आणि बोलायला सुरुवात केली.

काय बोलला म्हणून सांगू! "मी बदली मागून घेणार आहे, म्हणजे मिळेल असं वाटतं, कारण तिकडे वारा फार, तुम्हाला सोसायचा नाही, आणि तुमची गच्चीजवळची खोली रिकामी आहे असं तुम्ही लिहिलं होतंत, तर भाडं देऊन तिथे राहता येईल, माझी आई बहिणीकडे असते, तिचंही पुढे बघावं लागेल, एक कुत्रा आहे, तसा शांत आहे, आणि दुकानाचा हिशेब संगणकावर मी बसवून देईन, तर या सगळ्याचा विचार करून आपण लग्न करावं असं मला वाटतं."

"नाही," ताई म्हणाली.

मामंजींच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मला तर ताईला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. असा माणूस दारात चालत आला आणि ही बया नाही म्हणते! फक्त एकाच माणसाचा चेहरा पडला नव्हता, त्याचा. उलट तो खुलला. खिशातून रुमाल काढून त्याने कपाळ पुसलं आणि विचारलं, "काय जास्त झालं?"

"बदली वेगळी. खोली वेगळी. कुत्रा तर फारच वेगळा."

"बरं." तो गच्चीत गेला. काचेतून आम्हाला त्याची पाठ दिसत होती, हातवारे करून स्वतःशी बोलणारी. परत आला. "बदली मिळो न मिळो, आईला विचारून, आपण लग्न करावं असं—"

"अजून दोन गोष्टी आहेत त्यात."

पुन्हा गच्ची. या वेळी तो लवकर आला. बसलाही नाही. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

"लग्न करशील माझ्याशी?"

ताईने चष्मा वर सरकवला. एखादी ओळ वाचावी तशी ती त्याच्याकडे बघत राहिली. "हे छोटं आहे," ती शेवटी म्हणाली. "एकच आहे. मला यात काही खोट दिसत नाही." आणि मग, "पण माझ्या एकटीच्या म्हणण्यावर चालत नाही."

मामंजी सरसावून बसले. नवऱ्याने घसा खाकरला. ताई वळली ती माझ्याकडे.

"मास्तरीण, तू बघ. तुझं ठीक लागेल."

"मी?" मला खरंच वाटेना. "अगं, बाबा आहेत, भाऊ आहे."

"बाबा हो म्हणणारच, त्यांना नवीन गिऱ्हाईक मिळालंय. भाऊ बहिणीला दुखवायला नको म्हणून हो म्हणेल. तू खोट असेल तर काढशील."

इतकी वर्षं या घरात मला सगळं कळवलं गेलं होतं. विचारलं हे पहिल्यांदा, आणि विचारलं तेही हे! माझे डोळे भरून आले. पण विचारलंय म्हटल्यावर काम चोख व्हायला हवं. मी डोळे पुसले आणि शिकाऊ माणसाला विचारते तसं त्याला विचारलं, "चढाचा रस्ता आहे, मागे गाड्यांची रांग, हॉर्न वाजतायत, आणि शेजारी बसलेली म्हणते, थांब. काय कराल?"

"थांबेन," तो म्हणाला. "आणि का ते विचारेन. कारण असतंच तिच्याकडे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, टेबलाखाली माझा उजवा पाय जमिनीवर घट्ट रुतला होता, गाडीत ब्रेक असतो त्या जागी. ताई जाऊ नये म्हणून तो मघापासून तिथे दाबून धरला होता. मी पाय उचलला.

"ठीक आहे," मी म्हटलं. आवाज फाटला माझा, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"मग करते," ताई त्याला म्हणाली, आणि इतकी हसली की तिला चष्माच काढावा लागला. नवऱ्याने त्या होडीवाल्याला मिठी मारली. मामंजींनी डोळे टिपले आणि लगेच सुरू झाले, "ते सगळं छान, पण राहणार कुठे?"

"ते वेगळं!" आम्ही चौघं एकदम ओरडलो.

पुढे त्याची बदली झाली. मग गच्चीजवळची खोली झाली. मग त्याची आई आली, आणि तिची मामंजींशी पत्ते खेळताना रोज भांडणं होतात. त्या पहिल्या लांबलचक भाषणातलं सगळं खरं झालं, पण एकेक करून, आणि प्रत्येक वेळी ताईने माझ्यासमोर येऊन विचारलं, "मास्तरीण, ठीक?"

कुत्र्याला मी दोनदा नाही म्हटलं. आत्ता तो माझ्या उजव्या पायावर डोकं ठेवून झोपलाय.