ट्यूब थंडच होती

आज सकाळपर्यंत ही गोष्ट माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडली नव्हती. मित्रांना नाही, भावाला नाही, देवासमोरसुद्धा नाही. आता एकदा बूच निघालंच आहे, तर तुम्हीही ऐका.

आमची खोली भाईंदरच्या चाळीत, तळमजल्याला. खिडकी आहे, पण उघडली की समोर कारखान्याची भिंत. बाहेरची जमीन मिठागराची, खारी – तिथे काय रुजणार? वडील गेल्यावर आई गावाहून माझ्याकडे राहायला आली, ती तुपाच्या डब्यात तुळस घेऊनच. तिच्या सासूनं लावलेल्या तुळशीचं रोप. आमच्या अंधारात महिन्याभरात त्याची पानं गळायला लागली. आईचंही जेवणावरून मन उडालं.

मी कंपनीत वायरमन. म्हटलं, ऊन घरात येत नाही ना – मग आपण बनवू. खोक्याच्या फळ्यांना रंधा मारून चौकट केली. तेलाचा डबा उलगडून पत्रा वाकवला, उजेड वाया जाऊ नये म्हणून आतून पांढरा रंग फासला, त्यात दोन ट्यूब बसवल्या. आणि पुढच्या फळीला महिरप कापली, देव्हाऱ्याला असते तशी. थोड्याच दिवसांत तुळशीला कोवळी पालवी फुटली. चाळीतल्या बायका बघायला यायच्या. एकीनं मला ‘काय ओ, इंजिनियरसाहेब’ म्हणून हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि मीही चढलो.

इथपर्यंत किती चांगला माणूस वाटतोय ना मी?

तुळशीचं लग्न जवळ आलं. मला वाटलं, यंदा आपली तुळस मंजिऱ्यांनी लगडलेली दिसली पाहिजे. कंपनीत कोणीतरी म्हणालं होतं की नुसत्या ट्यूबनं भागत नाही, झाडाला तांबूस उजेडही लागतो, सोबत साधा बल्ब लाव. पण बल्ब तापतो. तो हातभर वर टांगायला हवा – हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण वर टांगला की वायर महिरपीबाहेर लोंबायची. माझी महिरप बिघडायची! म्हणून दोनशे वॅटचा बल्ब मी महिरपीच्या आत, पानांना जवळजवळ टेकवूनच बसवला. आई ऊस-आवळे आणायला बाजारात गेली होती. आल्यावर तिला चकित करायचं, म्हणून बटण दाबलं आणि कामावर गेलो.

माझी बायको सुलभा त्या दिवशी अडचणीची होती. एका खोलीत बाजूला बसणार तरी कुठे? ती बाहेर पडवीच्या पार टोकाला, गोणपाटावर, तान्ह्या मुलीला घेऊन बसली होती. इतकी लांब, की तिला जळका वासही आला नाही.

दुपारी जेवायला आलो तर तुळशीचा पापड झालेला. आई अजून यायची होती. मी – मी काय केलं असेल? बल्ब काढला, फडक्यात गुंडाळला आणि हत्यारांच्या पिशवीत तळाशी घातला. ट्यूब तेवढ्या चालू ठेवल्या.

आई आली. तुळशीकडे बघितलं, मग दाराबाहेर सुलभाकडे. म्हणाली, ‘हिची सावली पडली.’ सुलभा रडत म्हणाली, ‘आई, मी उंबरासुद्धा ओलांडला नाही ओ.’ आणि मग आईनं मलाच विचारलं, ‘तुझ्या दिव्यानं तर नाही ना रे जळली?’

बघा, विचारलं होतं तिनं. सरळ विचारलं होतं. आणि मी म्हणालो, ‘ट्यूब कुठे तापते, आई? हात लावून बघ.’

आईनं हात लावला. ट्यूब थंडच होती.

शब्दानंही खोटं बोललो नाही मी – आणि बायकोला दोषी ठरवून मोकळा झालो. त्या वर्षी आमच्याकडे तुळशीचं लग्न झालं नाही. पुढे नवी तुळस आली, त्याच दिव्याखाली वाढली. सुलभा मात्र तिच्याजवळ गेली नाही, एरवीच्या दिवसांतही नाही. आई गेल्यावर पाणी मीच घालत आलो. लोक म्हणायचे, काय नवरा आहे, घरात हातभार लावतो! मी ऐकून घ्यायचो.

काल आमची मुलगी पहिल्यांदा बाजूला बसली. आज सकाळी सुलभा तिला समजावत होती, ‘तुळशीपासून लांब राहा गं. माझ्या सावलीनं एक जळलीय.’

म्हणजे इतक्या वर्षांत तिला ते खरंच वाटायला लागलं होतं. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. तिथेच, मुलीसमोर, मी सगळं सांगितलं – बल्ब, फडकं, पिशवी, सगळं. छातीवरचा धोंडा उतरला. मला हलकं वाटतंय, ते तुमच्यापासून कशाला लपवू? सुलभाला काय वाटलं, ते तिनं सांगितलेलं नाही. मी विचारलेलं नाही.

तिनं एवढंच विचारलं, ‘किती वॅटचा होता?’

‘दोनशे.’

ती उठली. तांब्या भरून घेतला, दिव्यापाशी गेली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुळशीला पाणी घातलं. अर्धंच घातलं. मग मुलीला हाक मारून जवळ बोलावलं आणि उरलेला तांब्या तिच्या हातात दिला.