मोठ्यानं वाच!

वसंतकाका कीबोर्डला हात लावत नसत. आमच्या बरकतपुऱ्यात घरोघरी विंडोजऐवजी लिनक्स पोहोचवलं त्यांनीच, पण कुणाच्या घरी एक बटण दाबतील तर शपथ. आपल्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि हुकूम सोडायचे, "मोठ्यानं वाच!" या दोन शब्दांची मला अशी चीड होती म्हणून सांगू!

नव्या कंपन्यांचे दिवस होते. जो तो हायटेकच्या बाता मारत होता. आबिड्सच्या एका कंपनीनं मला अनुवादाचं पहिलंच काम दिलं होतं. मराठी मी टाइप करायची लिनक्सवर, त्यांचा प्रोग्रॅम मात्र शेजारच्या विंडोजच्या मशीनवर. तुकडा तुकडा फ्लॉपीवरून नेऊन संपणार कधी? संध्याकाळी तिथल्या साहेबांना दाखवलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

काका म्हणाले, "नक्को गं ती फ्लॉपी. दोन्ही मशीनं जोडणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे. इकडं कॉपी कर, तिकडं पेस्ट कर."

"मग टाका ना!"

"तू टाक. मी बसतो."

बसले. चहा पीत. मी कमांड दिली, पडद्यावर इंग्रजी धावलं आणि एरर आली. "मोठ्यानं वाच. शेवटची ओळ गिळू नकोस." वाचली. एक लायब्ररी, म्हणजे त्या सॉफ्टवेअरला लागणारी फाइल, सापडत नव्हती. ती सीडीवरून टाकली, तर दुसरी एरर. "वाच." माझं डोकंच सणकलं.

"काका, मी काय बालवाडीत आहे? समोर आहे ते बघा आणि करून टाका की! माझं काम जाईल हो!"

"हौ, करीन. आणि उद्या मी नसलो की कुणाच्या नावानं ओरडशील?"

माझा जीव टांगणीला आणि यांना शहाणपण सुचतंय!

दुपार उलटल्यावर झालं एकदाचं. लिनक्सवर एक वाक्य कॉपी केलं, विंडोजवर पेस्ट केलं. भल्या मोठ्या अक्षरांत उमटलं. काका त्या पडद्यासमोरच बसले होते.

"आलं का गं?"

"डोळ्यांसमोर तर आहे! दिसत नाही का?" मी खेकसले.

"आलं ना? मग झालं," म्हणाले आणि भिंतीला हात लावत जिना उतरून गेले. माझं काम वाचलं.

काका वारले, त्यानंतर काकू बोलल्या. "डोळे कधीच गेले होते गं त्यांचे. नुसता उजेड-अंधार कळायचा. जिने, गल्ल्या पायाखालच्या, म्हणून निभलं. ऑफिसातही पोरांकडून वाचूनच घ्यायचे. साहेबाला कळलं असतं तर घरी बसवलं असतं."

रडू यायला हवं होतं. आला तो संतापच. वाचून घेऊन सगळं बिनचूक करणाऱ्या माणसाला घरी बसवणाऱ्या त्या ऑफिसांचा, आणि त्याहून जास्त काकांचा. साहेबापासून लपवा, पण आमच्यापासून? आम्ही काय परके होतो? एकदा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? दिवसभर वाचून दाखवलं असतं मी!

अजून एरर आली की मी मोठ्यानं वाचते, शेवटच्या ओळीसकट. परवा नवं मशीन घेतलं. तसलंच सॉफ्टवेअर टाकलं, इकडं कॉपी केलं, तिकडं पेस्ट केलं. वाक्य उमटलं. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं बघून मी ओरडलेच, "आलं हो काका, आलं!"