हरजी काकांची हाक

भिवंडीजवळच्या राहनाळच्या गोडाऊनमधून कापडाचा ट्रक राजस्थानला निघाला, तेव्हा मालासोबत मला पाठवलं होतं. मानकोली नाका येईपर्यंत मी ड्रायव्हर सलीमभाईच्याच आवाजात पुढच्या गाड्यांना शिव्या घालत होतो. सलीमभाई हसून म्हणाला, "मेरे से अच्छा सलीम तो तू है."

नकला हा माझा धंदा न्हाय, खोड हाय. सगळ्यात जास्त टाळ्या हरजी काकांच्या नकलेला. काका आमचे वॉचमन. शटर ओढायच्या आधी आत तोंड घालून तीनदा ओरडतात, "नीचे कोई है?" गोडाऊनच्या खाली काय असणार, फरशी! पण काका तरुणपणी राजस्थानच्या वाळवंटातल्या चांदीच्या खाणीत होते. शिफ्ट संपली की ही हाक तीनदा द्यायची आणि मगच पाळणा (खाणीत उतरायचा पिंजरा) बंद करायचा, अशी तिथली पद्धत. खाण बंद पडल्यावर महिन्याभरात येतो सांगून ते भिवंडीला आले आणि इथलेच झाले. मी ट्रकसोबत निघताना मला एवढंच म्हणाले, "आमचं घर उभं हाय का, बघून ये."

तिसऱ्या दिवशी माल उतरला. सलीमभाई झोपला आणि मी काकांच्या गावाकडे जाणारी जीप धरली. वाटेत सोगरा (बाजरीची जाड भाकरी) आणि लसणाची चटणी खाल्ली. जीपवाल्याने गावाच्या अलीकडेच सोडलं, म्हणाला वाळूत गाडी रुतेल. चालता चालता माझ्या सँडलचा पट्टा तुटला. पँटला भुरट (गवताचे चिकट काटे) लागले. असा लंगडत मी त्या गावात शिरलो.

गाव म्हणजे रांगेने खोल्या, सगळ्या बिनछपराच्या. एका भिंतीवर शाळेचा फळा होता, त्याच्यापुढे कमरेएवढी वाळू. काकांनी सांगितलेली शेवटची खोली सापडली. उंबरा होता, घर नव्हतं.

पुढे खाणीचं तोंड, त्याला जाळी. मला राहवलं नाही. मित्रांना दाखवायला मोबाईलवर व्हिडिओ चालू केला आणि काकांच्या आवाजात, शेवटचा शब्द त्यांच्यासारखाच लांबवून ओरडलो, "नीचे कोई हैऽऽ?"

मागून आवाज आला, "हरजी? आ ग्यो?" (आलास?)

एक म्हातारी हातातली काठी टेकत भराभर येत होती, मागे दोन शेळ्या. डोळ्यांत फूल पडलेलं. मी गप्प राहायला हवं होतं. पण सवय वाईट. तोंडातून त्याच आवाजात निघालं, "हां जीजी." (मोठ्या बहिणीला, वयाने मोठ्या बाईलाही तिथे जीजी म्हणतात.)

तिने माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. गाल, मिशी नसलेला ओठ. मग हात खाली घेतले.

"तू तो छोरो है," (तू तर पोरगा आहेस) ती म्हणाली. ओरडली नाही, हेच वाईट.

मी सगळं सांगितलं. काका जिवंत आहेत, रोज हाक देतात. ती काकांची मोठी बहीण निघाली, शेजारच्या ढाणीत (चार घरांच्या वस्तीत) एकटी राहत होती. तिने मला ताक पाजलं, पँटचे काटे चाचपून काढले. निघताना म्हणाली, "एकदा परत बोल. त्याच्यासारखं."

चहाच्या टपरीवर शंभरदा केलेली नक्कल. तिथे मी सँडलचा तुटलेला पट्टा बांधत बसलो. मला माझीच लाज वाटली. मी म्हटलं, "जमत नाही, जीजी."

राहनाळला आलो तेव्हा काका स्टुलावर होते. घर नाही म्हटलं, तर मान हलवली. जीजी भेटली म्हटल्यावर उठून उभे राहिले. तिचं नाव इतकी वर्षं का काढलं नाही, ते मी विचारलं नाही. मग तेच म्हणाले, "कशी बोलली? करून दाखव ना."

मी केलं. "हरजी? आ ग्यो?" जसंच्या तसं.

काका शटरकडे तोंड करून उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी हाक दिली नाही, शटर तसंच ओढलं.

मोबाईलमधला व्हिडिओ मी कुणाला दाखवला नाही. एकटा असलो की लावतो. माझी हाक येते, तिचा आवाज येतो. आणि दर वेळी वाटतं, काकांना तिचा आवाज दिला, मग तिला त्यांचा द्यायला माझं काय जात होतं?