कोयत्याचं घर

हसायचं नाही हां, आधीच सांगतो. कुणी दारूपायी फसतो, कुणी जुगारापायी. मी फसलो एका पोस्टकार्डापायी, आणि तेही स्वतःच्या हातानं, वळणदार अक्षरात लिहिलेल्या!

त्या वेळी मी शाहूपुरीत एका गुळाच्या अडतीवर पत्रं लिहायला होतो. मालक सगळ्यांना सांगायचे, "ह्याच्या पत्रात एक शब्द जादा गावायचा न्हाय." मला त्याचा केवढा माज! लग्नाला दीड वर्ष झालेलं. बायको सुशीला, माहेर आजऱ्याचं. आणि सासरे? माणूस बुटका, पण आवाज असा की नदीपलीकडची म्हैस वळून बघेल. उभा जन्म काजूच्या रानात गेलेला, कमरेला कायम कोयता. आम्ही त्यांना मामा म्हणतो. हे मामा एकदा भर पंगतीत बोलले, "जावाई ग्वाड हाय आमचं, पर टाक-दौतीपरास जड काय उचलत न्हाय."

सगळी पंगत हसली हो! मी जिलबी गिळली, पण ते वाक्य काही गिळलं नाही. त्यात मी जन्माचा चुळबुळ्या. एकदा डोक्यात काही शिरलं की मला बसवत नाही, उभं राहवत नाही, जेवण जात नाही.

उन्हाळ्यात आजऱ्याला गेलतो, तर मामांच्या मांडीवर ही एवढी जखम! कोयता नुसता गोणपाटात गुंडाळून खोचायचे, तो सरकला. मी तिथंच ठरवलं, मामांच्या कोयत्याला आपण स्वतःच्या हातानं चामड्याचं घर करायचं. तलवारीला म्यान म्हणा, पण चष्म्याला नि कोयत्याला आपल्याकडं घरच म्हणतात की! दसऱ्याला ते हातात ठेवायचं आणि बघायचं, मामा काय बोलतात ते. माझा मेव्हणा यशवंता, त्याला फक्त सांगितलं. त्यानं त्याच मापाचा दुसरा कोयता गुपचूप माझ्या पिशवीत घातला.

सुशीलाला सांगितलं नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून अडत सुटली की मी जायचा दोस्ताच्या, दत्तूच्या खोलीवर. दत्तू सडाफटिंग, खोलीत एक खाट नि एक स्टोव्ह.

चपला करणाऱ्या एका कारागिराकडनं कातडं आणलं. तो बजावून म्हणाला, "पावणं, भिजवून शिवा, पर सावलीत वाळवा. घाई करायची न्हाय."

घाई करायची नाही? मला? मी शिवलं, आत कोयता घातला आणि सुट्टीच्या दिवशी सकाळीच दिलं ठेवून पत्र्यावर, भर उन्हात! दुपारपर्यंत कातडं आखडून असं कडक झालं की कोयता निघेना. दत्तूनं मूठ धरली, मी घर धरलं. खेचता खेचता दोघं दोन भिंतींवर आपटलो. शेवटी ते घर उभं चिरून कोयता सोडवला आणि चिंध्या उकिरड्यावर टाकल्या.

मग मऊ कातडं आणलं, शेळीचं. त्याला रोज तेल चोळायचं. काम झकास चाललेलं. ही खुशखबर यशवंताला कळवल्याशिवाय मला कुठली झोप! पण पोस्टकार्ड म्हणजे उघडा कारभार, मामांच्या कानावर जायचं. मग मी काय अक्कल चालवली माहीत आहे? 'कोयता' हा शब्दच गाळला! हे बघा, अजून तोंडपाठ आहे:

"चि. यशवंतास आशीर्वाद. ठरल्याप्रमाणे घर केले, पण फसलो. पहिले फार ताठर निघाले, काही केल्या दाद देईना. ते टाकून दिले. आता दुसरे घर केले आहे. हे कोवळे व मऊ आहे. सुशीलेस ठाऊक नाही. मामांस कळवू नये. दसऱ्याला घेऊनच येतो."

एक शब्द जादा नाही!

आठ दिवस उत्तर नाही. मी रोज पोस्टमनला गल्लीच्या तोंडाला गाठायचा. तो बिचारा मला बघून सायकल वळवायला लागला.

रविवारी सकाळी दार वाजलं. बघतो तर मामा! पहिल्या यष्टीनं आलेले, डोळे लाल.

"यशवंता चंदगडला गेलाय. तुमचं कार्ड पोस्टमननं मला वाचून दावलं. भर चौकात."

आता मला काय वाटावं? मला वाटलं, गुपित फुटलं! मी आपला लाजलो.

"कळलंच का मामा तुम्हाला? अहो, तुमच्यासाठीच तर केलंय!"

"माझ्यासाठी?" मामांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

"मग! तुमच्या पसंतीला उतरलं म्हणजे मिळवली."

मामा भिंतीला टेकले. "कुठं ठिवलंय?"

"इथंच, मागच्या गल्लीत. दत्तूच्या खोलीवर."

"आनि त्यो दत्तू?"

"तो मदत करतो की. मी खेचतो, तो धरतो."

"आरं द्येवा!" मामांनी कपाळावर हात मारून घेतला. "आनि पयलं?"

"ते टाकलं उकिरड्यावर. ताठर फार होतं हो!"

मामांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. तिथं सुशीला उभी, हातात पोळपाट. "सुशे, ह्यो रोज कवा येतोय?"

"दिवेलागणीला. इचारलं तर हसत्यात नुसतं," आणि तिचा आवाजच फुटला, "अन् आबा, हाताला तेलाचा वास येतोय!"

"कापडं भर!" मामा गरजले. "ह्यानं दुसरी बाई ठिवलीया! दुसरं घर केलंय, आनि दसऱ्याला माझ्याच दारात घेऊन येतोय!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पडला, पण सांगू कसं? 'घर' म्हणायला जावं तर मामा हात उगारतात, 'कोयता' म्हणावं तर सुशीला किंचाळते. पोरगी खरंच ट्रंकेत लुगडी कोंबायला लागली हो. चेष्टा नाही!

"आधी बघा तरी!" म्हणत मी पळालो. मागनं मामा, त्यांच्या मागनं रडत सुशीला, आणि तिच्या मागनं निम्मी गल्ली.

दत्तू अर्धी दाढी करून बसलेला. मामांनी दार ढकललं, "बाहीर काढ तिला!"

"कुणाला?"

"त्या कवळीला!"

"मामा, मला सगळं दात हायत," दत्तू म्हणाला.

मी खाटेखालनं ते घर ओढून काढलं आणि मामांच्या हातात ठेवलं. "हे घ्या दुसरं घर! तुमच्या कोयत्याचं! तुमची मांडी कापली म्हणून करत होतो."

मामांनी ते उलटंसुलटं करून बघितलं. एक टाका पूर्वेला, एक पश्चिमेला. पट्टा अडकवायची वादी मी खालच्या टोकाला शिवलेली. मामांनी कमरेचा कोयता काढून आत सारला आणि घर कमरेला अडकवलं. घर झालं उलटं, मऊ कातड्यानं तोंड सोडलं, आणि कोयता सुळकन निसटून मामांच्या अंगठ्याशेजारी जमिनीत खच्चकन रुतला!

मामांनी अंगठा मागं घेतला. कोयत्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"डोळं पूस सुशे, आनि त्या ट्रंकेतली लुगडी बाहीर काढ. ज्याला कोयत्याचं घर धड जमत न्हाय, त्यो गडी दुसरं घर काय कपाळ करनार!"