धुराड्यातून धूर निघाला

आमच्या वास्तुशांतीला बारा डबे आले आणि त्यांतला एकही आहेराचा नव्हता.

घर म्हणजे लासूर स्टेशनजवळची, आजेसासऱ्यांची पिठाची दगडी गिरणी. निजामाच्या काळातली, कित्येक वर्षं बंद. गुलमंडीत भाड्याच्या एका खोलीत संसार केल्यावर मला एवढंच पाहिजे होतं : पुसलं की पुसलेलं राहील असं घर! यांनी भिंतींतलं जुनं पीठ खरवडलं (दोन ट्रॉल्या निघालं, तुम्ही अर्धं धरा!), फरशी बसवली; पण छपरावरचं इंजिनाचं धुराडं काढू दिलं नाही.

"आजोबाची निशाणी हाय ती. तुझ्या चुलीचा धूर जाईल की त्यातून!"

पूजेच्या सकाळी दूध उतू घालायला मी चूल पेटवली. वर धुराडं भकाभका धूर सोडू लागलं. गावाला एकच ठाऊक : धूर निघाला की गिरणी चालू. डबा रांगेत ठेवायचा, शेतात जायचं, सांजच्याला पीठ न्यायचं. विचारायची पद्धतच नाही!

पहिल्या आल्या शेजारच्या गंगूमावशी. "लई ब्येस केलं बाई, गिरणी चालू केली! ज्वारी हाय बघ."

मला सांगायचं होतं, 'मावशी, इथं आता घर आहे.' पण परक्या माणसापुढं माझा आवाज घशातच बसतो. मी डबा घेतला.

तासाभरात अकरा डबे! गुरुजी आले, तर त्यांच्या पाटाच्या जागी बाजरी.

"हे काय गं?" हे ओरडले.

"दळण."

"कुणी घेतलं?"

"मी."

"का?"

"त्यांनी दिलं."

"हिच्यापरीस ते धुराडं जास्त बोलतंय!" सासूबाई म्हणाल्या.

"नव्या घराची परत गिरणी करतीस व्हय?" हे म्हणाले. "आता जो येईल त्याला तोंडानं सांग, गिरणी बंद हाय!"

मी पदर खोचून दारात उभी राहिले. गिरणी बंद आहे, गिरणी बंद आहे, असं घोकत. तेवढ्यात खांद्यावर भला मोठा डबा घेऊन एक म्हातारबाबा आले. सगळं घर कान टवकारून! मी डोळे मिटले आणि जन्मात पहिल्यांदा माझा आवाज खणखणीत निघाला :

"बारीक दळू का जाड, बाबा?"

"बारीकच," बाबा म्हणाले आणि शेताकडं गेले.

आता आमच्या हॉलमध्ये विजेची चक्की आहे. मीच चालवते. घर मागच्या खोलीत आहे, गुलमंडीतल्या खोलीएवढंच!