चौकातले कानसेन

वाहतूक शाखेतल्या त्या हवालदारांना सगळा चौक कानसेन म्हणायचा आणि त्यांना ते नाव मनापासून आवडायचं. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण मोटारसायकलचा सायलेन्सर कंपनीचा आहे, की पोरानं कुठल्या तरी गॅरेजात जाऊन बदलून घेतलाय, हे ते गाडी दिसायच्या आत सांगत. बँकेच्या वळणापलीकडे नुसता आवाज झाला की हवालदारांचा हात वर जायचा, गाडी मागाहून यायची. पोरं म्हणायची, म्हाताऱ्याला पाठीलाही डोळे आहेत. डोळ्यांचा तिथे काडीचा संबंध नव्हता.

बाकीचे पोलीस हेल्मेट बघत, काढून ठेवलेले आरसे बघत, नंबरप्लेटवरची नक्षी बघत. कानसेन आधी ऐकत. मग गाडी बाजूला घ्यायला लावून चावी स्वतःच्या खिशात टाकत, गुडघ्यावर हात ठेवून वाकत आणि सायलेन्सरवर कंपनीचा ठसा शोधत. ठसा नसला की पावती फाडलीच म्हणून समजा. मग तो पोरगा कुणाचा का असेना. एकदा मोठ्या साहेबांच्या शेजाऱ्याच्या मुलानं ओळख सांगितली, तर हवालदार म्हणाले, "बरं झालं सांगितलंस, त्यांनाच जास्त त्रास होत असेल." चहापाण्याची भाषा कुणी केलीच, तर "चहा मी घरून पिऊन येतो" एवढंच बोलून पुढच्या गाडीकडे वळत. त्यामुळे त्यांना मित्र थोडे होते, पण नावाला डाग नव्हता.

अशा माणसाचे कानच जावेत, याला काय म्हणायचं? ज्या गदारोळात उभं राहून त्यांनी नाव कमावलं, त्याच गदारोळानं त्यांचे कान खाल्ले. आधी दारावरची घंटा ऐकू येईनाशी झाली, मग शेजारच्या खोलीतलं बोलणं. समोर उभं राहून बोललं की कळायचं, निम्मं कानांनी आणि निम्मं ओठांवरून. चौकात मात्र ट्रक, रिक्षा, भोंगे, सगळ्याचा एकच लगदा व्हायचा आणि त्यातून सायलेन्सर वेगळा निघेना.

शाखेत सांगितलं असतं तर रस्त्यावरून उतरवलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग जप्त गाड्यांच्या आवारात फाटकाशी खुर्ची टाकून बसायचं, गंजलेल्या हँडलांची राखण करत. ज्याला कुठेच ठेवता येत नाही, त्याला तिथे ठेवायची रीत होती. हवालदारांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. बायकोलासुद्धा नाही. तिला वाटायचं, वयानं माणूस तुटक झालाय.

आणि एवढं करून त्यांनी काम सोडलं का? छे! त्यांनी कुत्रा शोधला. कोपऱ्यावरच्या फळगाडीखाली एक तांबडा कुत्रा दिवसभर पडून असायचा. गाड्यांच्या रोजच्या आवाजाला तो शेपटीही हलवत नसे, पण बदललेल्या सायलेन्सरची गाडी वळणाशी आली की ताडकन उठायचा. हवालदार तोंड रस्त्याकडे आणि नजर कुत्र्याकडे ठेवून उभे राहू लागले. कुत्रा उठला की हात वर. एवढा अनुभवी माणूस, पण आपण चौकाची शिस्त एका कुत्र्यावर सोपवली आहे, यात त्याला काही वावगं वाटेना. गरज माणसाला काय काय करायला लावते!

व्हायचं ते झालंच. एका सकाळी कुत्रा उठला, हवालदारांनी हात वर केला. वळणावरून दोन मोटारसायकली बरोबरीनं आल्या. एकीवर औषधाच्या दुकानाचे मालक होते, दुसरीवर हवालदारांच्या बायकोचा भाचा. कुत्रा शेपूट हलवत थेट औषधवाल्याच्या चाकाशी गेला. तो त्याला रोज बिस्किट टाकायचा, हे हवालदारांच्या गावीही नव्हतं. त्यांनी औषधवाल्याला थांबवलं आणि चावी काढून घेतली. भाचा "आतोबा!" म्हणून हात हलवत निघाला. हवालदारांनीही हसून हात हलवला. भाच्याच्या सायलेन्सरमधून फटाके फुटत होते, रस्त्यावरची माणसं कानात बोटं घालत होती आणि आतोबा त्याला टाटा करत होते.

ते वाकले. कंपनीचा ठसा स्वच्छ दिसत होता.

"अहो, कानठळ्या बसवून गेला तो पोरगा," औषधवाला ओरडला, "आणि धरलं कुणाला, मला? सरळ सांगा ना, घरचा होता म्हणून सोडला!"

माणसं जमली. हवालदारांनी चावी परत दिली, माफी मागितली, पण त्यानं काय होतंय? भाच्यानं गॅरेजवर फुशारकी मारली, की आतोबा असताना मला हात लावायची कुणाची टाप आहे! दुपारपर्यंत गोष्टीला पाय फुटले. आता म्हणे कानसेनांचे गॅरेजवाल्याशी हप्ते ठरलेत, म्हणूनच हल्ली बऱ्याच गाड्या सुटतात.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. औषधवाला तक्रार करून गेला होता.

"हवालदार, तो भाचा होता तुमचा?"

"बायकोचा, साहेब."

"आवाज ऐकलात ना गाडीचा?"

"नाही" म्हटलं तर चौक जातो, "हो" म्हटलं तर अब्रू जाते. तिसरं उत्तर हवालदारांना सुचेना.

"नव्या पोरांना मी तुमचं उदाहरण देतो हो," साहेब म्हणाले. चिडण्यापेक्षा त्यांना वाईटच जास्त वाटलेलं दिसत होतं. "उद्या सकाळी काय ते खरं सांगा. नाहीतर मला चौकशी लावावी लागेल."

घरी येऊन त्यांनी टोपी काढली आणि बेसिनपाशी तोंड धुवायला उभे राहिले. धुता धुता ते मनाशी जुळवत होते, की ऊन डोळ्यावर होतं म्हणावं का, चक्कर आली म्हणावं का. वळून बघतात तर बायको दारात उभी, डोळे लाल.

"काय झालं गं?"

"तीनदा विचारलं मी," ती म्हणाली. "एवढं विचारते आहे आणि तुम्ही पाठ फिरवून तोंड धुताय. ओ देत नाही. म्हणजे खरं आहे ते."

"काय खरं आहे?"

"पैसे खाता ते! जिन्यात सगळ्या बायका तेच बोलतायत. माझ्या भाच्याला सोडलंत म्हणे. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, आमच्या घरात तसला पैसा येत नाही. आणि तुम्हाला विचारलं तर तुमच्या तोंडून नाही म्हणून निघत नाही!"

साहेबांसमोर जे तोंडातून निघालं नव्हतं, ते आता निघालं. बायकोनं आपल्याला चोर समजावं, हे त्यांना सोसवेना.

"मला ऐकू येत नाही," हवालदार म्हणाले. "तू विचारलंस ते ऐकलंच नाही मी. भाच्याची गाडीही नाही ऐकली. बरेच दिवस झाले. एक पैसा घेतलेला नाही, तुझी शपथ. कान गेलेत माझे."

ती खुर्चीत बसली.

"नुसते बहिरे आहात?"

"हो."

"म्हणजे बाकी काही नाही? नुसतं ऐकू येत नाही?"

"नाही येत. आणि उद्या साहेबांना सांगितलं की चौक गेला माझा. आवारात बसवतील फाटकाशी. म्हणून तर आजवर कुणाला..."

पण ती केव्हाच उठली होती. डोळ्याला पदर लावून ती हसत होती की रडत होती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दार उघडून ती जिन्यात गेली आणि खालपासून वरपर्यंत सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "ऐकलंत का गं सगळ्यांनी? आमचे हे बहिरे आहेत! ठार बहिरे!"

इतक्या मोठ्यानं, की ते आत उभ्या असलेल्या हवालदारांनासुद्धा ऐकू आलं.